पत्रांतून उलगडणारी कादंबरी

इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि बखरींवर विसंबणाऱ्या इतिहासाचा पाया डळमळला. बखरकार सारे घडून गेल्यावर लिहितो. शेवट ठाऊक असल्याने मधल्या प्रसंगांना नकळत वळण देतो. सदाशिवरावभाऊ गोविंदपंत बुंदेल्यांना रसदेविषयी पत्र धाडतात, तेव्हा पानिपतावर काय वाढून ठेवले आहे याची त्यांना कल्पना नसते. त्या कागदाचे मोल या अज्ञानातच आहे.

कादंबरीकारांनी हेच अज्ञान मोठ्या कौशल्याने वापरले. सॅम्युएल रिचर्डसन हा लंडनचा मुद्रक. पत्रलेखन न जमणाऱ्यांसाठी नमुन्यांचे पुस्तक लिहिताना त्याला कथा सुचली आणि १७४० साली 'पामेला' अवतरली. तिची नायिका घरकाम करणारी मुलगी. पण तिला लिहिता येत होते. ही अट दिसते तितकी क्षुल्लक नव्हे.

मराठीत ती अट पुरी व्हायला वेळ लागला. हरिभाऊंनी 'पण लक्ष्यांत कोण घेतो?' मध्ये यमूला स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडून सांगू दिली, हे धाडसच होते. पण तो एकटीचा आवाज. अनेकांनी एकमेकांना लिहावे, आणि खरे काय ते वाचकाने ताडावे, ही रीत वामन मल्हार जोशी यांनी १९३४ साली 'इंदू काळे व सरला भोळे' या कादंबरीत अवलंबिली. वामनराव तत्त्वज्ञानाचे अभ्यासक. 'रागिणी'त त्यांची पात्रे वादाला बसली की कथानकाला ताटकळत उभे राहावे लागे. पत्रांत ती अडचण उरली नाही. कला की नीती, हा वाद टपालातून सहज चालू शकतो. सगळ्यांच्या लेखण्या पुष्कळदा एकाच दौतीत बुडवल्यासारख्या वाटतात, हे मात्र कबूल केले पाहिजे. तरीही आपले मत मांडणारी, ते बदलणारी आणि कधी अर्धवट झाकणारी स्त्री येथे स्वतःच्या हाताने लिहिते. वामनरावांनी हिंगण्यास स्त्रियांच्या शिक्षणसंस्थेत अध्यापन केले होते. अशी लेखणी घडताना त्यांनी जवळून पाहिली होती.

पुढे इतिहासाचे कागद आणि कादंबरी यांची गाठ आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात पडली. गोपाळरावांनी हट्टाने शिकवलेली ही मुलगी १८८३ साली वैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेला गेली. पतिपत्नींमध्ये मग उरली ती पत्रे. काशीबाई कानिटकरांनी त्यांच्या आधारे चरित्र लिहिले, श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ साली आली. बोटीने येणारे टपाल आठवडे घेई. पत्रातला राग पोहोचेपर्यंत लिहिणाऱ्याचा राग निवळलेला असे, आणि उत्तर मात्र त्या जुन्याच रागाला जाई.