दोन गाड्या, दोन लहरी

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांतली जमीन हादरू लागली. धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांवर धक्क्यांची मालिकाच लागली. १ फेब्रुवारी २०१९ ला त्यांतला मोठा धक्का बसला, ४.१ तीव्रतेचा. ऐन थंडीत माणसं लेकराबाळांसह अंगणात झोपली, शाळा उघड्यावर भरल्या. त्या दिवसांबद्दल लोक एक गोष्ट आवर्जून सांगतात: हादऱ्याबरोबर जमिनीच्या पोटातून सुरुंग उडाल्यासारखा आवाज यायचा.

भूकंपाच्या जागेहून दोन लहरी एकदमच निघतात. खडकातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावणारी ती पी लहर. तिचाच काही भाग जमिनीतून हवेत उतरतो आणि आवाज होऊन कानावर पडतो. मागून साधारण साडेतीन किलोमीटरच्या वेगाने येणारी ती एस लहर. भिंती हलवते ती मुख्यतः हीच. शाळेत प्रत्येकाने सोडवलेलं उदाहरण आठवा: दोन गाड्या एकाच वेळी एकाच स्थानकातून सुटल्या, एक दुसरीच्या इतकी मिनिटं आधी पोचली, तर ते स्थानक किती दूर? इथे फक्त गाड्यांच्या जागी लहरी आहेत. दर किलोमीटरमागे मंद लहर ०.१२ सेकंद मागे पडते. म्हणजे दोघींच्या पोचण्यात एका सेकंदाचा फरक पडला, तर उगम सुमारे ८ किलोमीटरवर. धुंदलवाडीत हा फरक इतका कमी असायचा, की आवाज आणि हादरा बरोबरच आल्यासारखे वाटावेत. धोका पायाखालीच होता, हे त्या क्षणभराच्या फटीतच लिहिलेलं होतं.

परीक्षेपुरतं घोकलं जाणारं हे उदाहरण आलं कुठून? डहाणूच्या मुलाला त्यात रेल्वे दिसणं साहजिक आहे. बीबीसीआय कंपनीचा लोहमार्ग १८६० च्या दशकात या किनाऱ्याने गुजरातेकडे गेला आणि १६ एप्रिल २०१३ ला विरारची लोकलही डहाणू रोडपर्यंत आली. पण उदाहरण रेल्वेहून फार जुनं आहे. इ. स. ४९९ मध्ये आर्यभटाने नियम दिला: समोरासमोर येणाऱ्या दोघांमधलं अंतर त्यांच्या गतींच्या बेरजेने भागा, एकाच दिशेने जाणाऱ्यांचं वजाबाकीने, भेटीची वेळ मिळेल. त्याच्या डोळ्यांसमोर ग्रह होते. ग्रहांच्या जागी गाड्या आल्या, त्या छापील पाठ्यपुस्तकांच्या काळात.

या गाड्यांचा वेग कायम असतो. वेग वाढत जाणारं उदाहरण तर आपल्या महाराष्ट्राशी अगदी जवळून जोडलेलं. चाळीसगावजवळच्या पाटण इथे भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याची ती नोंद. या भास्कराचार्यांच्या ११५० च्या लीलावतीत एक राजा शत्रूचे हत्ती आणायला निघतो. पहिल्या दिवशी २ योजनं चालतो, मग दररोज सारखीच वाढ करत ७ दिवसांत ८० योजनं गाठतो. रोजची वाढ किती? उत्तर २२/७ योजनं. ताळा पाहू. सातही दिवसांची दोन-दोन मिळून १४. वाढीचे भाग ० पासून ६ पर्यंत, एकूण २१. त्यांना २२/७ ने गुणलं की ६६. दोन्हींची बेरीज ८०. आता चौथ्या, म्हणजे मधल्या दिवसाची मजल काढा. ती येते ८०/७, नेमकी सरासरी. लीलावती तिला मध्यधन म्हणते. एकसमान त्वरणाचं सारं मर्म मला या मधल्या दिवसात दिसतं. पुस्तकातली गतीची तीन समीकरणं विसरलेल्यालाही एवढ्यावरून ती परत उभी करता येतील.

ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातले पंडित १३३० च्या दशकात दिवसांच्या पायऱ्या सोडून सलग वाढणाऱ्या वेगाचा विचार करत त्याच जागी पोचले: सारखा वाढणारा वेग जेवढं अंतर कापतो, तेवढंच मधल्या क्षणाचा वेग कायम ठेवला तर कापलं जातं. फ्रान्समध्ये ओरेमने त्याची आकृती काढली. आपण आजही वेग-काळाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ मोजतो, ते त्याच वाटेने. तरी हे सगळं कागदावरच होतं. गॅलिलिओने उतरत्या फळीच्या खोबणीतून कांस्याची गोळी सोडली आणि वेळ मोजायला भांड्यातून झिरपणारं पाणी तोललं. सारख्या वेळात कापलेली अंतरं १, ३, ५, ७ अशी वाढत गेली. १६३८ मध्ये ते ग्रंथरूपाने छापलं गेलं. न्यूटनचा ग्रंथ यायला अजून ४९ वर्षं होती; म्हणून ही समीकरणं न्यूटनच्या नावावर घालू नयेत, असं मला वाटतं.

भूकंपात जमिनीचं त्वरण ज्या एककात मोजतात, त्याचं नाव गॅल, गॅलिलिओवरूनच. सेकंदाला एक सेंटिमीटर वेग दर सेकंदाला वाढला की तो १ गॅल. वरून सोडलेल्या दगडाला ९८० गॅल मिळतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात कोयना धरणात बसवलेल्या यंत्राने त्या दगडाच्या त्वरणाच्या ०.६३ पट, म्हणजे सहाशेच्या वर गॅल नोंदले. धरणांच्या अभ्यासात ती नोंद जगभर वापरली जाते. भूकंपात त्वरण एकसमान नसतं, क्षणाक्षणाला उलटसुलट फिरतं. म्हणून हल्ली यंत्राची नोंद सेकंदाच्या शे-दोनशे तुकड्यांत घेतात, तीवरून वेग काढताना एकेका तुकड्यात वाढ सरळ धरतात आणि सगळ्यांची बेरीज करतात. लीलावतीतला राजा दिवसागणिक चालला, तसंच.

आता परत धुंदलवाडीकडे. लहरींमधली फट एका ठिकाणी मोजली, तर उगम किती दूर एवढंच कळतं, कोणत्या दिशेला ते नाही. त्यासाठी किमान तीन ठिकाणं लागतात, तीन वर्तुळं जिथे छेदतील तिथे उगम. खोली काढणं त्याहून अवघड. समजा उगम ८ किलोमीटर खोल आहे आणि यंत्र १०० किलोमीटर दूर. पायथागोरसच्या सिद्धांताने काढलं तर लहरीची वाट १०० च्या जागी १००.३ किलोमीटर होते. खोलीमुळे फटीत पडलेला फरक सेकंदाच्या शंभर भागांतले जेमतेम ४ भाग. एवढा तर खडकाच्या वेगाचा अंदाज किंचित चुकला तरी बुडून जातो. तेच यंत्र उगमाच्या डोक्यावर असलं, तर सगळी फट खोलीचीच, जवळजवळ पूर्ण सेकंदाची. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेला आणि राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राला आपली यंत्रं इथे, हादरणाऱ्या गावांमध्येच आणून बसवावी लागली.