धक्का लोकांचा, देखभाल कोणाची?

इंग्लंडच्या किनाऱ्यावर व्हिक्टोरिया राणीच्या काळात बांधलेले फिरण्याचे धक्के हा तिथल्या गावांचा जिव्हाळ्याचा विषय आहे. लोखंडी खांबांवर टेकलेली लाकडी फळ्यांची वाट समुद्रात दूरवर जाते. मालाची चढउतार हे तिचे काम नाही. माणसे तिथे चालायला, गळ टाकायला, गाणे ऐकायला येतात. असा धक्का मोडला की लोक खिशात हात घालतात आणि त्याचे कौतुकही पुष्कळ होते. पण त्या पैशाने काय साधते आणि काय साधत नाही, याचा हिशोब क्वचितच मांडला जातो. हेस्टिंग्ज आणि क्लीव्हडन या दोन गावांवरून तो मांडता येतो.

हेस्टिंग्जचा धक्का युजीनियस बर्च या अभियंत्याने आखला आणि तो १८७२ मध्ये खुला झाला. १९६० च्या दशकात जिमी हेंड्रिक्स आणि पिंक फ्लॉइड तिथे वाजवून गेले. पुढे मालकी बदलत पनामात नोंदलेल्या एका कंपनीकडे गेली, देखभाल थांबली आणि २००८ मध्ये धोकादायक ठरवून धक्का बंद करण्यात आला. ऑक्टोबर २०१० मध्ये आग लागून वरचे जवळजवळ सगळे बांधकाम जळाले. गावकऱ्यांनी न्यास स्थापन केला, नगर परिषदेने २०१३ मध्ये धक्का सक्तीने संपादन करून न्यासाच्या हवाली केला, आणि राष्ट्रीय लॉटरीच्या पैशातून चालणाऱ्या वारसा निधीने मोठे अनुदान दिले. एकूण खर्च सुमारे १ कोटी ४२ लाख पौंड. त्यात गावाने भागविक्रीतून उभे केले सुमारे ५ लाख ९० हजार, म्हणजे शंभरातले चार पौंड.

हे चार पौंड थोडे वाटतात, पण त्यांची किंमत रकमेवरून ठरवणे चूक आहे. अनुदान देणारी संस्था सहसा सगळा खर्च उचलत नाही. काही वाटा गावाने उभा करावा, अशी तिची अपेक्षा असते. तो वाटा जमला नाही तर उरलेले शहाण्णवही अडकतात. शिवाय सुमारे तीन हजार लोकांनी भाग विकत घेतल्यामुळे हा धक्का कुणाला तरी खरोखर हवा आहे, याचा लेखी पुरावा तयार झाला. या भागांची रचना आपल्याकडच्या सहकारी संस्थेच्या सभासदाला लगेच कळेल: भाग कितीही घ्या, सभासदाला मत एकच. भाग बाजारात विकता येत नाही, त्यावर नफेखोरी होत नाही.

धक्का एप्रिल २०१६ मध्ये पुन्हा खुला झाला. आगीतून वाचलेल्या जुन्या फळ्या नव्या अभ्यागत केंद्राच्या भिंतींना लावल्या होत्या. वास्तुरचनाकारांनी टोकावर मोठी इमारत न बांधता विस्तीर्ण मोकळे पटांगण ठेवले, म्हणजे तिथे मेळा, सर्कस, मैफल काहीही भरवता यावे. ही रचना मला मनापासून आवडते. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिला ब्रिटनचा मानाचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच न्यास दिवाळखोरीत निघून प्रशासकाच्या ताब्यात गेला.

कारण समजायला अवघड नाही. समुद्रातले लोखंड सर्वांत लवकर गंजते ते भरतीच्या रेषेच्या आसपास आणि तिच्या वर, जिथे खारे तुषार आणि हवा आळीपाळीने त्याला लागतात. तिथे रंग द्यायचा, जोड तपासायचे तर दोन भरतींमधल्या थोड्या तासांत, धक्क्याखाली लटकून काम करावे लागते. हा खर्च दरवर्षी येतो आणि तो कधीच संपत नाही. अनुदान मात्र बांधकामासाठी असते, चालवण्यासाठी नसते. मोकळ्या पटांगणावर उत्पन्न आपोआप येत नाही. कार्यक्रम आखावे लागतात आणि वारा-पावसाचे दिवस फुकट जातात. तूट भरायला कुणी पुढे आले नाही. काही लाख पौंड जमवून धक्का परत घेण्याचा गावकऱ्यांचा प्रयत्नही अपुरा पडला आणि २०१८ मध्ये धक्का एका खाजगी मालकाला विकला गेला. दिवाळखोरीत आधी घेणेकऱ्यांचे पैसे, शेवटी भागधारक, हा कायदा आहे. तीन हजारांचे पैसे गेले आणि मतही गेले. धक्का लोकांच्याच मालकीचा राहील या विश्वासाने त्यांनी भाग घेतले होते. त्या कागदाला घेणेकऱ्यांपुढे काही बळ नव्हते. याची मला मोठी खंत वाटते.

क्लीव्हडनची गोष्ट संथ आहे. सेव्हर्न नदीच्या मुखाजवळ, जगातल्या सर्वांत मोठ्या भरतींपैकी एक जिथे येते, तिथे हा धक्का १८६९ मध्ये उभा राहिला; त्याच्या कमानींना साउथ वेल्स रेल्वेसाठी बनवलेले रूळ वापरले आहेत. १९७० मध्ये विम्यासाठी भारचाचणी घेतली. पाण्याने भरलेल्या टाक्या फळ्यांवर ठेवल्या आणि दोन गाळे समुद्रात कोसळले. १९७२ मध्ये संरक्षण न्यास निघाला. स्थानिक परिषदेला धक्का पाडायचा होता. १९८० च्या जाहीर चौकशीत गावकऱ्यांनी ते थोपवले. १९८५ मध्ये सांगाडा सुटा करून दुरुस्तीला नेला, १९८९ मध्ये धक्का खुला झाला आणि टोकाचे काम १९९८ मध्ये पुरे झाले. कोसळण्यापासून पूर्ण होईपर्यंत अठ्ठावीस वर्षे.

इथेही मोठी अनुदाने लागलीच. फरक छोट्या पैशाच्या स्वरूपात आहे. फिरायला येणारा प्रवेशशुल्क देतो, गळ टाकणारा वेगळे देतो, कुणी आईवडिलांच्या नावाची पितळी पट्टी लावून घेतो. त्या पट्ट्या वाकून वाचत चालणारी माणसे धक्क्यावर नेहमी दिसतात. रक्कम लहान, पण ती वर्षानुवर्षे येत राहते, आणि गंजही वर्षानुवर्षे चालूच असतो. भागभांडवल एकदाच येते. हेस्टिंग्जच्या भागविक्रीत उत्साह कमी नव्हता. तो एका मोसमात खर्ची पडला, एवढेच. अठ्ठावीस वर्षांच्या दिरंगाईचा क्लीव्हडनला एक फायदाही झाला असावा असे मला वाटते: बांधून होण्याआधीच देण्याची सवय गावाच्या अंगवळणी पडली होती.

म्हणून धक्का असो, घाट असो की वाचनालय, वर्गणीचे आवाहन हातात आले की बांधकामाच्या आकड्याशेजारी पहिल्या दहा वर्षांच्या देखभालीचा आकडा छापला आहे का, ते पाहा. नसेल तर पावती फाडण्याआधी तो मागून घ्या.