प्रकरण क्रमांक, न्यायालयीन

न्यायालयात नोंदल्या गेलेल्या प्रत्येक प्रकरणाची ओळख. तिचे घटक तीन : प्रकार, त्या प्रकारातील अनुक्रमांक आणि नोंदणीचे वर्ष. उदा., ‘रे.मु.नं. २१२/२०१९’ म्हणजे त्या न्यायालयात २०१९ साली नोंदलेला २१२ वा नियमित दिवाणी मुकदमा. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ४, नियम २ नुसार दाव्यांची नोंदवही ठेवून, दावे दाखल करून घेतले जातील त्या क्रमाने त्यांना दरवर्षी क्रमांक द्यावे लागतात.

प्रकार : महाराष्ट्रात कनिष्ठ स्तर न्यायालयातील नियमित दावा ‘आर.सी.एस.’, तर वरिष्ठ स्तराकडील विशेष दावा ‘एस.सी.एस.’ म्हणून ओळखला जातो. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी ‘दरखास्त’ दाखल होते. दंडाधिकाऱ्यांपुढील खटले ‘आर.सी.सी.’ (नियमित फौजदारी खटला) किंवा ‘एस.सी.सी.’ (संक्षिप्त फौजदारी खटला) म्हणून नोंदतात. धनादेश न वटल्याच्या तक्रारी सहसा एस.सी.सी. प्रकारात येतात. पोलीस ठाण्याचा गुन्हा रजिस्टर नंबर (गु.र.नं.) न्यायालयीन क्रमांकाहून वेगळा असतो.

निशाणी : प्रकरणातील कागदांनाही स्वतंत्र क्रमांक असतात. दावाअर्ज निशाणी १ असतो, तर तूर्तातूर्त मनाईचा अर्ज बहुधा निशाणी ५ वर येतो. त्यामुळे ‘निशाणी पाचवर आज युक्तिवाद’ एवढे म्हटले, की काय चालणार ते वकिलांना कळते.

क्रमांकातील बदल : जमिनीचा एकच वाद आधी आर.सी.एस., मग जिल्हा न्यायालयात नियमित दिवाणी अपील, उच्च न्यायालयात द्वितीय अपील आणि अखेरीस दरखास्त, असे चार क्रमांक घेऊ शकतो. आर.सी.सी. सत्र न्यायालयाकडे वर्ग झाल्यास तिला सत्र खटल्याचा नवा क्रमांक पडतो. वर्ष मात्र निकालाचे नसते : केशवानंद भारती प्रकरणाचा निकाल २४ एप्रिल १९७३ रोजी लागला, तरी त्याची नोंद रिट याचिका (दिवाणी) क्र. १३५/१९७० अशीच आहे. प्रलंबित प्रकरण किती जुने, हे क्रमांकच सांगतो.

सीएनआर : ई-कोर्ट्स प्रकल्पात जिल्हा व तालुका न्यायालयांतील प्रत्येक प्रकरणाला १६ स्थानांचा सीएनआर क्रमांक मिळतो : दोन अक्षरे राज्याची (महाराष्ट्रासाठी एमएच), दोन जिल्ह्याची, त्यापुढे आस्थापनेचे २, प्रकरणाचे ६ व वर्षाचे ४ अंक. तो जवळ असल्यास पुढची तारीख व आदेश पाहण्यासाठी पक्षकाराला कोणावर अवलंबून राहावे लागत नाही. म्हणून दावा नोंदताच प्रत्येक पक्षकाराने तो मागून घेणे अगत्याचे आहे.