चूल, लांकूड आणि श्वास

नागोठणें व रोहें यांच्या दरम्यान निडी नांवाचें एक लहानसें रेल्वेस्थानक आहे. पेण-रोह्याकडील या मुलखांत वर्षाकाठीं ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा दिवसांत झडीमुळें लोटलेलें दार, ओलें सरपण आणि फुंकणी घेऊन चुलीपुढें बसलेली स्त्री, हें दृश्य कोंकणच्या वाचकांस अपरिचित नाहीं. धुरामुळें आढें-वासे किडीपासून बचावतात, म्हणून त्याची उपयुक्तताहि मानली गेली. मात्र रांधणारीच्या छातीवर त्याचा काय परिणाम होतो, हा प्रश्न फार उशिरां विचारला गेला.

वस्तुतः चुलीच्या सुधारणेचा आरंभ मराठी मुलखांतच झाला. वर्ध्यास १९३४ सालीं अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याच्या मगनवाडींत १९४७ च्या सुमारास धुराड्याची ‘मगन चूल’ सिद्ध झाली. पुढें १९५३ त हैदराबादेस राजू यांनीं निर्धूर चुलीचा पुरस्कार केला. धूर घराबाहेर जावा, हा विचार तेव्हां रुजला होता. पण त्याला वैद्यकाची जोड नव्हती.

ती जोड १९५९ त मिळाली. दिल्लींत डॉ. पद्मावती व त्यांचे सहकारी पाठक यांनीं फुफ्फुसांच्या विकारामुळें हृदय दुबळें झालेल्या १२७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियाहि पुष्कळ आढळल्या, आणि संशय घरांतील चुलीच्या धुराकडे गेला. धुरांतील सूक्ष्म कण श्वासनलिकांत खोलवर जातात. तेथें वारंवार दाह होऊन नलिका अरुंद होतात आणि खोकला व दम कायमचा जडतो.

असें असूनहि १९८३ त सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमाचा मुख्य हेतु सरपण व जंगल वांचविणें हा होता. २००२ पर्यंत तीन कोटींहून अधिक चुली वांटल्या गेल्या. पुष्कळ ठिकाणीं धुराडीं काजळीनें तुंबलीं, चुली फुटल्या, आणि दुरुस्तीस कोणी आलें नाहीं. यश चुलींच्या संख्येनें मोजलें गेलें. त्याच १९८३ सालीं कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांचा गुजरातच्या खेड्यांतील अभ्यास प्रसिद्ध झाला. रांधणाऱ्या स्त्रियांच्या श्वासांत किती धूर जातो, हें त्यांनीं प्रत्यक्ष मोजलें होतें. मोजणीचा विषय लांकडावरून माणसावर आला, तो येथें.

२०१६ सालीं उज्ज्वला योजनेनें गॅसजोडणी स्त्रीच्या नांवें दिली, ही मोठीच गोष्ट. परंतु सिलिंडरला रोख पैसा लागतो, आणि सरपणाला लागतात ते केवळ तिचे कष्ट. घराच्या हिशोबांत कष्टांची नोंद होत नसल्यानें सरपण फुकट ठरतें, आणि शेगडीशेजारीं चूल पेटतच राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती धुरानें २०२० सालीं जगांत ३२ लाख माणसें मृत्यु पावलीं. तेव्हां गॅस किती घरांत पोंचला एवढेंच विचारून भागणार नाहीं. चूल किती घरांत विझली, हेंहि विचारलें पाहिजे.