बोटांतून सुटलेली जागा

वांगाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: सनस्क्रीन रोज लावतो, तरी डाग गडद का होतात? ऊन हे काही वांगाचं एकमेव कारण नाही. गर्भारपणात, गर्भनिरोधक गोळ्यांनीही ते येतात. पण उन्हापुरतं बोलायचं, तर आधी आपल्या भोकरदनला जाऊ.

१९७३ साली भोकरदनला उत्खनन झालं. सातवाहनकाळच्या वस्तूंबरोबर एका स्त्रीची हस्तिदंती मूर्ती मिळाली, तीही तुटलेली. तिच्याशी साम्य असलेली जवळपास अखंड मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत सापडली आहे. ते शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडलं गेलं. त्या मूर्तीत बाईच्या दोन्ही बाजूंना छोट्या दासी उभ्या आहेत, हातांत प्रसाधनाची भांडी घेऊन. म्हणजे अंगाला काही लावायचं तर दुसरीचे हात लागतात, हे तेव्हाही ठाऊक होतं! आपल्याकडे नवरीची हळद आठवा. पाय, गुडघे, खांदे, कपाळ, मग कुणीतरी म्हणतं, “अगं, कानामागं राहिलं.” स्वतःची हळद कुणी स्वतः लावत नाही.

उन्हासाठी मात्र आपला भरवसा कापडावर. कापूस वेचताना डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट. गावाकडच्या या पोशाखाला शहरात हसतात, आणि स्कूटीवर बसताना स्वतः सनकोट चढवतात. कापड जिथवर पोचतं तिथे जागा सुटत नाही.

क्रीमची गोष्ट वेगळी. ऑस्ट्रियाचे फ्रान्झ ग्रायटर १९३८ मध्ये पिझ बुइन शिखर चढताना उन्हानं भाजले, असं सांगतात. १९४६ मध्ये त्यांनी हिमनदीवरच्या उन्हासाठी क्रीम बाजारात आणलं. पुढे ट्यूबवर एसपीएफचा आकडा आला. तो आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून काढतात. आपण लावतो त्याच्या अर्धं, कधी पाव. मग ५० चा आकडा ट्यूबवरच राहतो.

आणि जागाही सुटतात. २०१७ मध्ये इंग्लंडच्या लिव्हरपूल विद्यापीठानं ५७ जणांना क्रीम लावायला सांगून खास कॅमेऱ्यानं फोटो काढले. चेहऱ्याचा सुमारे दहावा भाग कोराच होता. सगळ्यात जास्त पापण्या आणि नाकालगतचा डोळ्याचा कोपरा.

चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत क्रीमची एकेक रेघ, हे माप २००२ पासून सांगितलं जातं. एकदम फासू नका. कपाळ, गाल, नाक, हनुवटीवर ठिपके द्या, पसरवा, मग दुसरा हात फिरवा. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. या हिशोबानं ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभरही पुरत नाही, आणि रोजंदारीच्या पैशात हे कसं बसवायचं? म्हणून आमचं मत असं: जे झाकता येतं ते कापडानं झाका. क्रीम ठेवा रुमालाच्या फटीसाठी, म्हणजे डोळ्यांभोवती आणि नाकावर. शिवाय हाताच्या पाठीवर आणि पावलांवर.

कानामागची जागा आणि मानेची मागची बाजू आरशात दिसत नाही. उद्या निघताना जावेला म्हणा, “बघ गं, कुठं राहिलं का?”