मुसके बांधलेला शिकारी : फेरेटच्या पोटाचा इतिहास

१/
पाळलेला फेरेट दात करकरा वाजवू लागला, तोंडातून लाळ गळू लागली आणि तो पुढच्या पंजांनी तोंड ओरबाडू लागला, तर जाणता पशुवैद्य आधी त्याच्या पोटाचा विचार करतो. ही मळमळीची लक्षणे आहेत. फेरेट माणसाच्या सहवासात आला त्याला सुमारे दोन हजार वर्षे झाली. त्याच्या पोटाची भाषा मात्र माणसाला अगदी अलीकडे कळू लागली. आजचा धागा या विलंबाविषयी.

२/
प्रथम ओळख. फेरेट दिसायला आपल्या मुंगसाची आठवण करून देतो, पण त्याचे कूळ वेगळे : पाणमांजराचे. युरोपातील पोलकॅट या रानटी प्राण्यापासून माणसाने तो घडवला. सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिदोर याने ‘फुरो’ या त्याच्या नावाचा संबंध ‘काळोखा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी जोडला आणि चोराला लावला जाणारा ‘फुर’ हा शब्दही त्यातूनच आल्याचे सांगितले. ही व्युत्पत्ती कितपत खरी ते भाषाशास्त्रज्ञांवर सोडू. मात्र ज्याच्या घरात फेरेट आहे आणि ज्याच्या घरातले मोजे नाहीसे होतात, तो इसिदोरशी वाद घालणार नाही.

३/
कथा सुरू होते सशांपासून. भूमध्य समुद्रातील बॅलेरिक बेटांवर सशांनी एवढा उच्छाद मांडला की, रोमन लेखक प्लिनी सांगतो त्याप्रमाणे, तेथील लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे चक्क लष्करी मदत मागितली. याच संदर्भात ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो एका उपायाचे वर्णन करतो. ‘लिबियातून’ आणलेल्या, मुद्दाम पोसलेल्या लहान शिकारी प्राण्यांचे तोंड बांधायचे आणि त्यांना बिळात सोडायचे. सापडलेले ससे ते नखांनी ओढून बाहेर काढतात, उरलेले ससे भिऊन बाहेर पळतात आणि बिळाच्या तोंडाशी उभी असलेली माणसे त्यांना पकडतात. हे प्राणी बहुधा फेरेटच असावेत, असे मानले जाते.

४/
‘तोंड बांधायचे’ या शब्दांपाशी क्षणभर थांबू. मळणीच्या वेळी बैलाने धान्याला तोंड लावू नये म्हणून आपल्याकडे त्याला मुसके बांधतात. फेरेटचे मुसके त्याच न्यायाचे. बिळात ससा मारून त्याने पोट भरले, तर तो तिथेच झोपी जातो आणि वर शिकारी ताटकळत बसतो. या प्राण्याचे मोल त्याच्या भुकेत होते आणि ती भूक भागू न देण्यात शिकाऱ्याचे कौशल्य. फ्रान्समध्ये गास्तों फेब्यूसच्या चौदाव्या शतकातील शिकारग्रंथाच्या सचित्र हस्तलिखितातही मुसके बांधलेला फेरेट दिसतो. स्ट्रॅबोपासून तोवर साधारण चौदाशे वर्षे लोटली होती. तंत्र तेच राहिले.

५/
असा उपयुक्त प्राणी गरिबाच्या हाती राहणे सत्ताधाऱ्यांना रुचेना. इंग्लंडमध्ये दुसऱ्या रिचर्डच्या राजवटीत, १३९० च्या कायद्याने, वर्षाला ४० शिलिंगांहून कमी उत्पन्नाची जमीन असणाऱ्या सामान्य माणसाला आणि १० पौंडांहून कमी उत्पन्नाच्या धर्मगुरूला शिकारी कुत्रे, फेरेट आणि जाळी बाळगण्यास मनाई झाली. फेरेट कोणी बाळगावा हे कायद्याने ठरले. त्याला काय खाऊ घालावे, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात येण्याचे कारण नव्हते.

६/
१७५८ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी लिनिअसने फेरेटला ‘मुस्टेला फुरो’ हे शास्त्रीय नाव दिले आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये ब्युफोंच्या निसर्गेतिहासाच्या सातव्या खंडात फेरेटचे वर्णन प्रसिद्ध झाले. ब्युफों लिहितो की हे प्राणी पिंपांत किंवा पेट्यांत ठेवतात, ते जवळजवळ सारा वेळ झोपून असतात आणि त्यांना कोंडा, पाव आणि दूध देतात.
कोंडा, पाव आणि दूध! शुद्ध मांसाहारी प्राण्याला!

७/
ही एकट्या फ्रान्सची चूक नव्हती. इंग्लंडच्या खेड्यांत दुधात कुस्करलेला पाव हा फेरेटचा नेहमीचा आहार विसाव्या शतकातही टिकून होता. तो स्वस्त पडे, हे एक कारण. दुसरे कारण अधिक बोलके आहे : मांस दिले की फेरेट चावरा होतो, अशी दृढ समजूत होती.
आता त्याचे पोट पाहा. आपल्या मोठ्या आतड्याच्या आरंभी अंधनाल नावाची पिशवी असते. फेरेटला ती नसतेच. आतडे आखूड, आणि खाल्लेले अन्न तीन ते चार तासांत बाहेर. एवढ्या वेळात तंतुमय अन्न पचणे शक्य नाही, आणि प्रौढ फेरेटला दुधातील साखर पेलत नाही. परिणामी ढाळ आणि कुपोषण. पिंपात सारा दिवस झोपून राहणाऱ्या त्या प्राण्यांपैकी कितीजण स्वभावाने निद्राळू होते आणि कितीजण अशक्त होते, हा प्रश्न ब्युफोंचे वर्णन वाचताना मला सोडत नाही.

८/
विसाव्या शतकात फेरेट बिळातून प्रयोगशाळेत आला. लंडनजवळच्या मिल हिल येथे लेडलॉ आणि डंकिन कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगावर संशोधन करत होते. फेरेटला तो रोग सहज जडतो, म्हणून तेथे फेरेट होते. १९३३ च्या फ्लूच्या साथीत विल्सन स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी रुग्णांच्या घशातील गाळलेला द्रव फेरेटच्या नाकात घातला. फेरेट शिंकू लागले आणि माणसाचा फ्लू विषाणूमुळे होतो हे सिद्ध झाले. पुढे एक आजारी फेरेट स्टुअर्ट-हॅरिस या संशोधकाच्या तोंडावर शिंकला आणि त्यांनाही फ्लू झाला! १९३६ मध्ये ती हकिकत ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली.

९/
पोटाची पाळी आली ती आपल्या पोटामुळे. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे वॉरन आणि मार्शल यांनी माणसाच्या जठरातील, आज हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणून ओळखला जाणारा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. जठराचा दाह आणि अल्सर त्यामुळे होतात, हे त्यांचे म्हणणे फारसे कोणी मानेना. डुकराच्या पिल्लांवरचे प्रयोग फसले, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतःच जिवाणूंचा द्रव प्याले आणि आजारी पडले. २००५ चे नोबेल या दोघांना मिळाले.
त्याच दशकात अमेरिकेत जेम्स फॉक्स आणि सहकाऱ्यांना फेरेटच्या जठरात याच जिवाणूचा भाऊबंद सापडला : हेलिकोबॅक्टर मुस्टेली. तो तेथे मुद्दाम सोडावा लागत नव्हता. दूध सुटलेल्या बहुतेक पिल्लांत तो आपणहून वस्ती करून असे. माणसाच्या अल्सरचा अभ्यास करायला निसर्गानेच प्राणी तयार ठेवला होता.

१०/
फेरेटचा यात लाभ झाला का? झाला. डांबरासारखी काळी विष्ठा म्हणजे जठरात रक्तस्राव, हे पशुवैद्य ओळखू लागले. दोन प्रतिजैविके आणि बिस्मथ हा माणसासाठी वापरला जाणारा उपचार फेरेटलाही लागू पडला. तोवर अमेरिकेत फेरेट घरोघरी पोहोचला होता आणि त्याच्या दुखण्याची चौकशी करणारे मालकही.

११/
१९९३ मध्ये अमेरिकेच्या पूर्व भागात एक नवे संकट उभे राहिले. घरात नवे पिल्लू आले की दोन-तीन दिवसांत जुने फेरेट आजारी पडत : हिरवी, बुळबुळीत हगवण, उलट्या, झपाट्याने घटणारे वजन. पिल्लू मात्र बहुधा ठणठणीत. मालकांनी रोगाला ‘हिरवी बुळबुळ’ असे रोखठोक नाव दिले. कारण २००० साली पुढे आले : आतड्यावर हल्ला करणारा एक कोरोना विषाणू. हे नाव साऱ्या जगाच्या तोंडी यायला अजून वीस वर्षे होती. या रोगातून उठलेल्या वयस्क फेरेटचे आतडे पूर्ववत व्हायला कधी कधी महिने लागतात.

१२/
आज आजारी फेरेटची शुश्रूषा कशी करतात, ते पाहिले की मुसक्याचा काळ उलटा फिरलेला दिसतो. मांसाची कोमट, पातळ पेज बोटावर घेऊन चाटवायची. दर काही तासांनी, रात्रीही. रोज वजन करायचे. विष्ठा पाहायची : काळी, हिरवी की भरडलेल्या दाण्यांसारखी. काहीच बाहेर येत नसेल आणि उलट्या होत असतील, तर आतड्यात रबराचा तुकडा किंवा केसांचा गोळा अडकल्याची शक्यता असते. मग घरगुती उपाय नकोत, ताबडतोब पशुवैद्य गाठायचा. अनेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते.
पोट बिघडले की लंघन, हा आपला जुना उपाय इथे घातक ठरू शकतो. वयस्क फेरेटमध्ये स्वादुपिंडाच्या गाठी वारंवार आढळतात. त्यामुळे रक्तातील साखर उतरते आणि काही तासांच्या उपवासाने तो कोसळू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीही पशुवैद्य त्याला फार तर तीन-चार तासच उपाशी ठेवतात.