१४९८ सीसी, ३९९५ मिलिमीटर: तुमच्या एसयूव्हीचं माप कोणी घेतलं?

ज्यांना ऑफिसात हेडफोन लावता येत नाहीत, त्यांच्यासाठी हा ताज्या भागाचा लेखी मसुदा. आजचा विषय आहे घरची गाडी. म्हणजे १२ ते २० लाखांतली, पाच जणांना ऐसपैस घेणारी, सनरूफ-बिनरूफ असलेली मिड-साइज एसयूव्ही. 'कुठली घेऊ?' याचे व्हिडिओ ढिगाने आहेत, त्यामुळे तो प्रश्न आज बाजूला. आपण इतिहासात जाऊ.

सुरुवात एका कोड्याने करतो. फोनवर चार गाड्यांचे स्पेसिफिकेशन उघडा. क्रेटाचं पेट्रोल इंजिन १४९७ सीसी, डिझेल १४९३. कुशाक आणि टायगुनचं मोठं इंजिन १४९८. एलिव्हेट १४९८. ग्रँड विटाराचं हायब्रिड १४९०. आता जरा छोट्या गाड्या बघा. नेक्सॉनची लांबी ३९९५ मिलिमीटर, ब्रेझाची ३९९५, व्हेन्यू आणि सॉनेटचीही ३९९५. कोरिया, जपान, जर्मनी आणि पुणे-मुंबईच्या इंजिनिअर लोकांना एकाच वेळी तोच आकडा स्वप्नात दिसला का? अर्थात नाही. हे आकडे बजेटच्या कागदांतून आलेत. कसे, ते सांगतो.

जीप ते वडाप

आपल्याकडे या गाड्यांची सुरुवात कामाची गाडी म्हणून झाली. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, पुढे तिथले गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत माझगावला विलिस जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात झाली. लष्कर, पोलीस, वनखातं, तहसीलदार हे तिचे मालक. घरच्या सहलीसाठी जीप घेणारा माणूस विरळाच.

गावाकडे हीच जात वेगळ्या नावाने ओळखीची झाली. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना 'वडाप' म्हटलं की लगेच कळतं. एसटी चुकली की स्टँडबाहेर उभी असलेली ट्रॅक्स किंवा कमांडर. दहाची जागा आणि अठरा माणसं, शिवाय टपावर भाजीच्या पाट्या. माझ्या आजीच्या डोक्यात 'मोठी गाडी' म्हणजे आजही तेच चित्र आहे. तिला शोरूममधली एसयूव्ही दाखवली की ती विचारते, "एवढ्या मोठ्या गाडीत पाचच माणसं?"

कामाच्या गाडीची घरची गाडी व्हायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. १९९१मध्ये टाटांची सिएरा आली. दार फक्त पुढे, मागे भलीमोठी वळणदार काच आणि १९४८ सीसीचं डिझेल इंजिन. १९९४मध्ये सुमो आली. तिचं नाव कुस्तीवरून नाही, टेल्कोचे सुमंत मूळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून आहे. १९९८मध्ये सफारी, २०००मध्ये टोयोटाची क्वालिस, आणि २००२मध्ये नाशिकला बनलेली २.६ लिटरची स्कॉर्पिओ. या गाड्यांच्या मापांत काही शिस्त दिसते का? अजिबात नाही. कोणी लांब, कोणी उंच, इंजिनं वाट्टेल त्या आकाराची. ज्याला जे जमलं ते त्याने बनवलं.

पहिली रेघ: ४ मीटर

मग आलं २००६चं बजेट. अर्थमंत्री होते पी. चिदंबरम. छोट्या, कमी इंधन खाणाऱ्या गाड्यांचं भारत हे मोठं केंद्र व्हावं, हा विचार होता. म्हणून छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणलं. पण 'छोटी' म्हणजे किती? कायद्याला आकडा लागतो. तो ठरला असा: लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत.

आमच्या भाषेत सांगायचं तर एक इफ-एल्स कंडिशन टाकली. आणि कंडिशन टाकली की लोक तिच्या काठावर येऊन उभे राहतात. २००८मध्ये इंडिगोची शेपूट कापून सीएस आली. २०१२मध्ये स्विफ्ट डिझायर ४१६० मिलिमीटरवरून ३९९५ झाली. त्याच वर्षी झायलो मागून छाटून क्वांटो बनली. २०१६मध्ये तर आपल्या बोलेरोचीही छाटणी झाली आणि 'पॉवर प्लस' नावाची ३९९५ मिलिमीटरची, दीड लिटर इंजिनाची बोलेरो आली. या गाड्या कापल्या गेल्या त्यात कुठल्याही कुटुंबाची मागणी नव्हती. डिक्कीतली बॅग गेली आणि त्या बदल्यात किंमत उतरली, एवढाच सौदा.

दुसरी रेघ: १७० मिलिमीटर

२०१०मध्ये पेट्रोलचे भाव सरकारी नियंत्रणातून सुटले, डिझेलचे मात्र २०१४पर्यंत बांधलेले राहिले. दोन्हींत मोठी तफावत पडली आणि डिझेल एसयूव्हींची लाट आली. २०११मध्ये चाकणहून एक्सयूव्ही५००, २०१२मध्ये डस्टर. शहरातल्या नोकरदार कुटुंबांनी सेडान सोडून याच गाड्या बुक करायला सुरुवात केली.

२०१३च्या बजेटमध्ये चिदंबरम यांनी एसयूव्हीवरचं शुल्क २७ वरून ३० टक्के केलं. कारण सरळ होतं: या गाड्या रस्त्यावर आणि पार्किंगमध्ये जास्त जागा खातात, तर त्यांनी जास्त द्यावं. मुद्दा चुकीचा म्हणता येणार नाही. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक लांब एसयूव्ही आली की शेजारच्याची स्कूटर बाहेर पडते. पण पुन्हा तोच प्रश्न, एसयूव्ही म्हणजे काय? उत्तर: लांबी ४ मीटरहून जास्त, इंजिन १५०० सीसीहून जास्त आणि ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त.

गंमत बघा. मारुतीची एसएक्सफोर ही सेडान. पण पेट्रोल एसएक्सफोर या तिन्ही मापांत बसायची! आणि उलट बाजूने, एक्सयूव्ही५०० या अस्सल एसयूव्हीचा ग्राउंड क्लिअरन्स कंपनीने १७० मिलिमीटरच्या खाली आणला, म्हणजे कागदावर ती त्या व्याख्येतून बाहेर. नाव एसयूव्ही, रूप एसयूव्ही, पण कराच्या हिशेबात नाही.

तोच प्रकार दिल्लीत झाला. डिसेंबर २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि परिसरात २००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली. महिनाभरात महिंद्राने १.९९ लिटरचं इंजिन आणलं. ऑगस्ट २०१६मध्ये १ टक्का पर्यावरण उपकर लावून बंदी उठली.

तिसरी रेघ: १५०० सीसी

जुलै २०१७मध्ये जीएसटी आला. मोठ्या गाड्यांवर २८ टक्के कर आणि १५ टक्के उपकर, म्हणजे ४३. अनेक एसयूव्ही स्वस्त झाल्या. हे सुख दोन महिने टिकलं. सप्टेंबरमध्ये उपकर वाढला आणि पायऱ्या पडल्या: ४ मीटरहून लांब पण १५०० सीसीच्या आतली गाडी, एकूण ४५ टक्के, एसयूव्हीच्या व्याख्येत बसणारी, एकूण ५० टक्के.

आता सुरुवातीचं कोडं सुटतं. २०१५ची पहिली क्रेटा १.६ लिटर इंजिनांसह आली होती. २०२०च्या नव्या क्रेटात १.६ गायब, त्या जागी १४९७ आणि १४९३ सीसी. बीएस-६मुळे तेव्हा इंजिनं बदलावी लागणारच होती, हे खरं. पण नवी करायचीच, तर ५ टक्के वाचतील अशीच करणार ना! त्यामुळे आज ज्याला आपण 'मिड-साइज एसयूव्ही' म्हणतो तो साचा, म्हणजे सव्वाचार-साडेचार मीटर लांबी आणि दीड लिटरच्या आतलं इंजिन, असा पक्का झाला. एक्सयूव्ही७००, हॅरिअर या त्याच्या वरच्या पायरीवर राहिल्या.

जुलै २०२३मध्ये जीएसटी परिषदेने आणखी स्पष्ट केलं की ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा मोजायचा आणि गाडीला लोक काय म्हणतात याने फरक पडणार नाही. तोपर्यंत 'लोकांत एसयूव्ही म्हणून ओळखली जाणारी' अशीही एक अट होती. कायद्यात 'लोक म्हणतात म्हणून'!

२२ सप्टेंबर २०२५

या तारखेला उपकर गेला आणि दोनच दर उरले: छोट्या गाड्यांना १८ टक्के, बाकी सगळ्यांना ४०. इलेक्ट्रिक गाड्यांचा ५ टक्के तसाच राहिला. बातम्या आल्या, 'एसयूव्ही स्वस्त'. बरोबर आहे. पण आत काय झालं ते बघा. ४ मीटरहून लांब गाड्यांसाठी १५०० सीसीची रेघ जीएसटीतून पुसली गेली. आता १४९८ आणि २१९८ सीसीला एकच दर. मात्र ४ मीटरची रेघ आणखी खोल झाली. आधी छोट्या पेट्रोल गाडीवर २९ आणि मिड-साइजवर ४५ टक्के, म्हणजे फरक १६ टक्क्यांचा. आता १८ आणि ४०. फरक २२चा.

हिशेब करून दाखवतो. समजा दोन पेट्रोल गाड्यांची करापूर्वीची किंमत १० लाख आहे. एक ४ मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची, दुसरी ४.३ मीटरची. पहिली जीएसटीसह ११.८० लाख, दुसरी १४ लाख. आता महाराष्ट्राचा रोड टॅक्स. १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, आणि तो जीएसटी मिळवून झालेल्या किमतीवर. पहिलीला सुमारे १.४२ लाख, दुसरीला १.६८ लाख. एकूण १३.२२ विरुद्ध १५.६८. म्हणजे त्या ३० सेंटिमीटरसाठी जवळपास अडीच लाख, तेही फक्त करात. डिझेल घेतली तर रोड टॅक्स १४ टक्के, म्हणजे आणखी २८ हजार.

१५०० सीसीची रेघ जीएसटीतून गेली, तरी विम्यात ती अजून जिवंत आहे. जून २०२२पासूनच्या दरांनुसार नव्या गाडीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी प्रीमियम १००० ते १५०० सीसीला १०,६४० रुपये आणि त्यावर २४,५९६ रुपये. आणि हो, १० लाखांवरच्या गाडीवर डीलर १ टक्का टीसीएस घेतो. तो तुमच्या आयकरात वळता होतो, रिटर्न भरताना मागायला विसरू नका.

मग आपण काय करायचं?

आमच्या घरी सध्या हाच विषय चालू आहे. बाबांना मायलेज हवं, आईला देवदर्शनाला सगळे एकत्र जायला हवेत, ताईला सनरूफ, आणि आजीला चढताना गुडघा दुखायला नको. हा इतिहास वाचल्यापासून मी ब्रोशरकडे वेगळ्या नजरेने बघतो. प्रत्येक आकड्याला एक प्रश्न विचारतो: हा आकडा घरच्यांसाठी आहे की कराच्या पट्टीसाठी?

लांबी ३९९५ असेल तर ती पट्टीसाठी आहे. अशा गाडीत मागची सीट आणि डिक्की यांतलं काहीतरी आखडलेलं असतं, म्हणून घरच्या बॅगा घेऊन जा आणि डिक्कीत ठेवून बघा. ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा असेल, तर पाच माणसं आणि सामान भरल्यावर तो कमी होणार. टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका, सगळ्यांना बसवा आणि सोसायटीच्या गतिरोधकावरून न्या. सीटची जमिनीपासूनची उंची मात्र कुठल्याच कायद्यात नाही, त्यामुळे ब्रोशरमध्येही ती क्वचितच सापडते. आमच्या आजीसाठी तोच सगळ्यात मोठा आकडा आहे. तो टेप लावून स्वतःच मोजावा लागतो.

जाता जाता एक गोष्ट. नोव्हेंबर २०२५मध्ये सिएरा परत आली. ४ मीटरहून लांब आहे, म्हणजे ४० टक्क्यांत. इंजिन किती सीसीचं यावरून तिच्या जीएसटीत आता एका रुपयाचाही फरक पडत नाही. तरी तिची पेट्रोल इंजिनं आहेत १४९८ सीसीची. आम्ही प्रोग्रामर लोक याला लेगसी कोड म्हणतो. कंडिशन कोणीतरी काढून टाकली, पण तिच्याभोवती वर्षानुवर्षं बांधलेलं सगळं तसंच चालू राहतं. इंजिनाचे कारखाने एका बजेटमध्ये बदलत नाहीत.

तुमच्या घरी गाडी घेताना कुठल्या आकड्यावरून वाद झाला, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!